किल्ली ज्याची त्याच्याच हाती : संगणकीय कारभारातील अधिकारांची विभागणी

उल्हास नदीच्या काठी वसलेल्या बदलापूर गावाच्या नावाविषयी एक आख्यायिका या परिसरात सांगितली जाते. पूर्वी या वाटेने जाणारे स्वार येथे थांबून थकलेले घोडे बदलीत व ताजे घोडे घेऊन पुढे निघत. या घोड्यांच्या बदलावरून गावाला बदलापूर हे नाव पडले, असे जुने लोक सांगतात. आख्यायिकेची ऐतिहासिक छाननी हा स्वतंत्र विषय आहे. तथापि अशा टप्प्याटप्प्याच्या डाकेत एक प्रशासकीय तत्त्व असे. घोडा बदले, प्रसंगी स्वारही बदले. परंतु खलित्यावरची मुद्रा तीच राही. खलिता वाहून नेणे हे स्वाराचे काम होते. तो उघडण्याचा अधिकार ज्याच्या नावे तो धाडलेला असे त्यालाच होता.

आजचे बदलापूर हे मोठे नागरी केंद्र आहे. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा हा भाग तिच्यात समाविष्ट करण्यात आला. पुढे १९९२ साली कुळगाव-बदलापूर ही स्वतंत्र नगर परिषद अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. नगराच्या सीमेबाहेर, बारवी धरणाच्या वाटेवर आणि वांगणीच्या दिशेला, अंबरनाथ तालुक्यातील ग्रामपंचायतींचा कारभार चालतो. मूळ बदलापूर गावातील जमिनीची नोंद मात्र नगर परिषद झाली तरी महसूल खात्याच्या अधिकार अभिलेखातच होते. अशा रीतीने अवघ्या काही किलोमीटरांच्या परिसरात नगर परिषद, ग्रामपंचायत आणि महसूल अशा तीन यंत्रणा काम करतात व तिन्हींची दप्तरे आज मोठ्या प्रमाणात संगणकावर आली आहेत.

दप्तर संगणकावर आले की एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. या दप्तरात नोंद कोणी करावी, ती कोणी तपासावी, मंजुरी कोणी द्यावी आणि कोणी ते केवळ पाहावे? या प्रश्नाचे उत्तर ज्या व्यवस्थेने दिले जाते तिला संगणकशास्त्रात भूमिकानिहाय अधिकारव्यवस्था म्हणतात. विषय वरकरणी तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी या सर्वांच्या दैनंदिन जबाबदारीशी निगडित आहे.

दोन कुलपांचा कोषागार

अधिकारांची विभागणी ही संगणकाने आणलेली नवी कल्पना नाही. कोषागारातील तिजोरीला दोन कुलपे असत व त्यांच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असत. दोघे एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. ग्रामनिधीतील रक्कम काढावयाची तर सरपंच व सचिव या दोघांच्या सह्या लागत. यामागे कोणावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नव्हता. एकट्याच्या हातून चूक झाली तर ती दुसऱ्याच्या नजरेस यावी आणि एकट्यावर नसता संशयही येऊ नये, असा दुहेरी उद्देश त्यामागे होता.

संगणकप्रणालीत हेच कार्य 'भूमिका' करते. प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला स्वतःचे वापरकर्ता नाव व परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, दिला जातो. त्या नावाला एक भूमिका जोडलेली असते आणि भूमिकेला ठराविक अधिकार जोडलेले असतात. हे अधिकार मुख्यतः पाच प्रकारचे असतात : माहिती पाहणे, नवी नोंद करणे, नोंद तपासणे, नोंदीला मंजुरी देणे आणि इतरांना भूमिका देणे वा काढून घेणे. शेवटचा अधिकार प्रणालीच्या प्रशासकाकडे असतो. तो सर्वांत मोठा असल्याने अत्यंत मोजक्या व्यक्तींना देणे इष्ट ठरते.

येथे अधिकार व्यक्तीशी थेट जोडलेला नसून पदाशी जोडलेला असतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या नावावरची भूमिका काढून घेता येते व नव्या अधिकाऱ्याच्या नावावर ती देता येते. नोंदी, नियम व कामाची पद्धत तीच राहते. परंतु बदलीपूर्वी कोणती नोंद कोणी केली हेही प्रणालीत कायम राहते, कारण प्रत्येक कृतीसोबत कर्त्याचे नाव, दिनांक व वेळ यांची नोंद होत असते.

या विचाराचा विकास जगात टप्प्याटप्प्याने झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स या कार्यप्रणालीत प्रत्येक संचिकेसाठी मालक, गट व इतर असे तीन वर्ग करून वाचणे, लिहिणे व चालविणे हे अधिकार वेगवेगळे देण्याची सोय झाली. १९७५ साली साल्ट्झर व श्रोडर या संशोधकांनी एक तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले : प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामासाठी आवश्यक तेवढेच किमान अधिकार असावेत. १९९२ साली फेरायोलो व कून यांनी भूमिकेवर आधारित अधिकारव्यवस्थेची शास्त्रशुद्ध मांडणी केली. आज कामांचे नियोजन करणाऱ्या, बँकांच्या, रुग्णालयांच्या आणि शासनाच्या बहुतेक प्रणाली याच पायावर उभ्या आहेत.

एका गटाराची वाटचाल

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते हे ग्रामपंचायतीच्या कामावरून चांगले समजते. पंचायतराज मंत्रालयाची ई-ग्रामस्वराज ही प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायतराज दिनी, सुरू करण्यात आली. गावाच्या विकास आराखड्यापासून खर्चाच्या हिशेबापर्यंतचे टप्पे तीत एकत्र आणले आहेत. एका अर्थी ती गावपातळीवरील कामांच्या नियोजनाची व नियंत्रणाची प्रणालीच होय.

एखाद्या वाडीत सांडपाण्याचे बंदिस्त गटार बांधावयाचे आहे, असे उदाहरणादाखल धरू. पहिली पायरी संगणकाबाहेरची आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली ग्रामसभेत गरजांची चर्चा होते, प्राधान्य ठरते व आराखडा मंजूर होतो. ग्रामसभेला प्रणालीत लॉगिन नसते. तरीही पुढील सर्व अधिकारांचा उगम तिच्यात आहे. ग्रामसभेने मान्य केलेला आराखडा ग्रामपंचायतीच्या लॉगिनमधून प्रणालीत भरला जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानाचे ६० टक्के बंधित व ४० टक्के अबंधित असे दोन भाग होते. बंधित भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांवरच खर्च करावयाचा होता. म्हणून गटाराचे काम कोणत्या शीर्षाखाली नोंदवावयाचे हे आराखडा भरतानाच ठरवावे लागे.

त्यानंतर तांत्रिक मान्यता येते. अंदाजपत्रक व मोजमापे यांची जबाबदारी अभियंत्याची. मापे योग्य आहेत की नाहीत हे सरपंच ठरवू शकत नाही आणि काम कोणत्या वाडीत व्हावे हे अभियंता ठरवू शकत नाही. प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मान्यता यांतील हा भेद कागदाच्या दप्तरातही होता. संगणकाने तो अधिक ठळक केला, इतकेच.

काम पूर्ण होऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली की देयक अदा करावयाचे असते. ज्याला पैसे द्यावयाचे त्या पुरवठादाराची बँक खात्यासह नोंद आधी प्रणालीत करावी लागते. त्यानंतर प्रमाणक तयार होते. साधारणपणे ते तयार करणारा पंचायतीचा सचिव असतो. या पदाला दीर्घकाळ ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी अशी दोन नावे होती. २०२४ मध्ये दोन्हींचे एकत्रीकरण होऊन ग्रामपंचायत अधिकारी हे नाव देण्यात आले. सचिवाच्या डिजिटल स्वाक्षरीनंतर देयक सरपंचाकडे येते. सरपंच ते तपासून आपली डिजिटल स्वाक्षरी करतो आणि मगच निधी हस्तांतरणाचा आदेश सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीमार्फत, म्हणजे पीएफएमएसमार्फत, बँकेकडे जातो. दोन स्वाक्षऱ्यांपैकी एक नसेल तर पैसा हलत नाही. धनादेशावरील दोन सह्यांचे हे नवे रूप आहे.

या दुसऱ्या स्वाक्षरीला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३८ नुसार पंचायतीच्या ठरावांची अंमलबजावणी करण्याचा कार्यकारी अधिकार सरपंचाकडे निहित आहे. तेव्हा सरपंचाची स्वाक्षरी हा शेवटचा उपचार समजणे चुकीचे ठरते. काम ठरावाप्रमाणे झाले, मोजमाप झाले आणि पैसे योग्य खात्यात जात आहेत, या तीन गोष्टींची खात्री केल्याची ती साक्ष आहे.

फेरफाराची शिस्त

अशीच शिस्त महसूल खात्याच्या ई-फेरफार प्रणालीत दिसते. बदलापूर परिसरात जमिनीचे व्यवहार मोठ्या संख्येने होतात. रेल्वेमार्गालगत वाढणाऱ्या नगरात जमिनीच्या एका तुकड्याचे मोलही मोठे असते. त्यामुळे सात-बाऱ्यावरचे एक नाव कमी किंवा अधिक होणे ही एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यातील मोठी घटना ठरते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ व १५० मध्ये फेरफाराची रीत सांगितली आहे. हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत कळवावयाचे, तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये नोंद घ्यावयाची, तिची प्रत चावडीत लावावयाची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये, जाते व तिचा निर्णय अव्वल कारकून वा त्याहून वरच्या दर्जाचा महसूल अधिकारी देतो. हरकत नसलेली नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. तलाठी या पदाला २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी हे नाव मिळाले असले तरी कामाची विभागणी कायम आहे.

ई-फेरफार प्रणालीत ही कलमे जणू यंत्राच्या भाषेत उतरविली आहेत. दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेल्या दस्ताची माहिती संगणकाद्वारे महसूल यंत्रणेकडे येते. ग्राम महसूल अधिकाऱ्याला त्यावरून फेरफार तयार करता येतो, परंतु प्रमाणित करता येत नाही. मंडळ अधिकाऱ्याला प्रमाणित करता येते, परंतु ती नोंद मुळात स्वतः तयार करण्याचे काम त्याचे नाही. नोटिशीची १५ दिवसांची मुदत राखणे आवश्यक असते. फेरफार प्रमाणित झाल्यावर सात-बारा अद्ययावत होतो. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा ऑनलाइन उपलब्ध झाला आहे. त्यावरील स्वाक्षरीमागे ही सारी साखळी उभी आहे, हे नागरिकाला सहसा दिसत नाही. पण तिच्यातील एक कडी निखळली तर उताऱ्यावरील विश्वासही निखळतो.

शिक्षकांनाही हे तत्त्व परिचित आहे. विद्यार्थी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला तर सरल प्रणालीत नव्या शाळेने त्याच्या नोंदीची मागणी करावयाची व जुन्या शाळेने ती मान्य करावयाची असते. कोणतीही शाळा एकतर्फी नोंद ओढून घेऊ शकत नाही. यू-डायसमध्ये शाळेने भरलेली माहिती वरच्या स्तरावर तपासली जाते. मुख्याध्यापकाच्या लॉगिनला जे मोल आहे ते यातून स्पष्ट होते.

विभागणी मोडते कोठे

प्रणाली कितीही काळजीपूर्वक आखली तरी ती माणसांच्या सवयींपुढे दुबळी ठरू शकते. दोन कुलपांच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगून ठेवल्या तर दोन कुलपे असून नसल्यासारखीच. पासवर्ड कागदावर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटविणे, संपूर्ण कार्यालयाने एकच लॉगिन वापरणे, 'साहेब बाहेर आहेत, तुम्हीच करून टाका' असे म्हणून मंजुरीचा पासवर्ड लिपिकाला सांगणे या सवयी विभागणीला आतून पोखरतात.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत डिजिटल स्वाक्षरीचा प्रश्न विशेष नाजूक आहे. ही स्वाक्षरी पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका छोट्या साधनात साठविलेली असते. बोलीभाषेत त्याला डोंगल म्हणतात. त्यात स्वाक्षरीदाराची खासगी किल्ली असते व ती पासवर्डने संरक्षित असते. दस्तऐवजावर स्वाक्षरी करताना या खासगी किल्लीने एक सांकेतिक चिन्ह तयार होते आणि प्रमाणपत्रातील सार्वजनिक किल्लीने ते पडताळता येते. पुढे दस्तऐवजातील एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणीत ते उघडकीस येते. शाईच्या सहीची नक्कल करता येते. डिजिटल स्वाक्षरीची नक्कल करणे जवळपास अशक्य आहे. परंतु डोंगल आणि पासवर्ड दोन्ही दुसऱ्याच्या हाती गेले तर नक्कल करण्याची गरजच उरत नाही. जी उमटते ती अस्सल स्वाक्षरीच असते.

म्हणूनच सरपंचाचे डोंगल सचिवाच्या कपाटात किंवा संगणकचालकाच्या खणात ठेवण्याची प्रथा, मग ती कितीही सोयीची वाटो, धोक्याची आहे. तशा स्थितीत नोंद करणारा व ती तपासणारा ही दोन पदे एकाच माणसात विलीन होतात. देयक चुकीचे निघाल्यास चौकशीत नाव मात्र सरपंचाचे पुढे येते.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतराज संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनेक महिला सरपंचांनी आपल्या गावांचा कारभार समर्थपणे चालविला आहे. तरीही काही ठिकाणी सरपंचबाईंचे डोंगल घरातील पुरुष मंडळींच्या खिशात असते, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. आरक्षणाने मिळालेली खुर्ची आणि त्या खुर्चीचा अधिकार यांत अशा वेळी अंतर पडते. पूर्वी खुर्चीवर कोण बसले आहे हे ग्रामसभेत सर्वांना दिसत असे. डिजिटल स्वाक्षरी घराच्या चार भिंतींत कोणी केली हे मात्र कोणालाच दिसत नाही. त्यामुळे महिला सरपंचांना देयकाचा पडदा स्वतः वाचता यावा, पुरवठादाराचे नाव व रक्कम पडताळता यावी व स्वाक्षरी नाकारताही यावी, इतके प्रशिक्षण मिळणे ही सबलीकरणाची आवश्यक पायरी ठरते.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली आहे. कलम ४२ नुसार आपली खासगी किल्ली आपल्याच नियंत्रणात ठेवण्यासाठी वाजवी दक्षता घेणे हे स्वाक्षरीदाराचे कर्तव्य आहे. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्याचे आढळताच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळविले पाहिजे. कळवीपर्यंतची जबाबदारी स्वाक्षरीदाराचीच राहते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा पासवर्ड कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'डोंगल माझे, पण वापरले दुसऱ्याने' एवढे म्हटल्याने सुटका होत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दोन भूमिका एका हाती आल्यास काय घडते याचे उदाहरण जगाच्या इतिहासात आहे. लंडनची बेअरिंग्ज ही १७६२ साली स्थापन झालेली नामांकित बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये कोसळली. तिच्या सिंगापूर कार्यालयातील निक लीसन या एकाच व्यक्तीकडे व्यवहार करण्याचे आणि त्या व्यवहारांचे हिशेब मिटविण्याचे अशी दोन्ही कामे होती. करणारा व तपासणारा एकच असल्याने तोटा लपविला गेला आणि तो ८२ कोटी पौंडांहून अधिक झाला. सव्वादोनशे वर्षांहून जुनी संस्था त्यात बुडाली. आपल्याकडेही २०१८ साली मुंबईतील एका सार्वजनिक बँकेच्या शाखेतील मोठा गैरव्यवहार उघडकीस आला. तेव्हा परदेशी संदेशांची प्रणाली बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीशी जोडलेली नव्हती, हे त्रुटींपैकी एक कारण म्हणून पुढे आले. ग्रामपंचायतीचे आकडे लहान असतील; परंतु वाडीच्या दृष्टीने गटाराचे पैसे लहान नसतात.

अडचणींची दुसरी बाजू

पासवर्ड एकमेकांना दिले जातात ते बहुधा दुष्ट हेतूने नव्हे, तर काम अडू नये म्हणून, हेही मान्य केले पाहिजे. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असतो. सरपंच शेतीच्या किंवा नोकरीच्या कामाने बाहेर असतो. नेटवर्क मिळते तेव्हा वीज नसते. आपत्तीच्या काळात तर हा मोह अनावर होतो. उल्हास नदीला २६ जुलै २००५ रोजी व पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी आलेले पूर बदलापूरकरांच्या स्मरणात आहेत. अशा वेळी पंचनामे, मदतीच्या याद्या व देयके यांची घाई असते आणि 'आधी काम, नियम नंतर' अशी भावना स्वाभाविकपणे निर्माण होते.

यावर उपाय आहे, परंतु तो पासवर्ड वाटण्याचा नाही. अधिकाऱ्याच्या अनुपस्थितीत अतिरिक्त कार्यभार सोपविण्याची पद्धत प्रशासनात पूर्वापार आहे. सरपंचाच्या अनुपस्थितीत उपसरपंचाची भूमिका कायद्याने ठरलेली आहे. हाच कार्यभार लेखी आदेशाने प्रणालीतही सोपवावा. ज्याच्याकडे तो जाईल त्याच्या स्वतःच्या नावाने, ठराविक मुदतीसाठी ती भूमिका द्यावी व मुदत संपताच काढून घ्यावी. म्हणजे काम अडत नाही आणि पुढे कोणी कधी काय केले हेही स्पष्ट राहते. पासवर्ड दिल्याने अधिकार पोचतो, पण नाव चुकीचे उमटते. कार्यभार दिल्याने अधिकार व नाव दोन्ही योग्य ठिकाणी राहतात.

याउलट अधिकार फाजील काटकसरीने देणेही योग्य नाही. साध्या दुरुस्तीसाठी तालुक्याला आणि तालुक्याने जिल्ह्याला विचारावे लागत असेल तर लोक आडवाटा शोधतात. ज्याचे काम त्याला तेवढा अधिकार, त्याहून अधिक नाही आणि कमीही नाही, हाच योग्य मेळ होय.

पंचायत व कार्यालयांनी पाळावयाची दक्षता

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना निघतात.

१. कार्यालयात वापरात असलेल्या प्रत्येक प्रणालीची एक साधी नोंदवही ठेवावी. तीत प्रणालीचे नाव, वापरकर्ता, त्याची भूमिका, ती दिल्याचा दिनांक व काढून घेतल्याचा दिनांक असे रकाने असावेत.

२. एका व्यक्तीला एक लॉगिन द्यावे. सामायिक लॉगिन टाळावे. नोंद करणे व मंजुरी देणे हे दोन अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवू नयेत.

३. डोंगल स्वाक्षरीदाराच्याच ताब्यात असावे आणि त्याचा पासवर्ड इतर कोणासही सांगू नये. ओटीपीसाठी नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांकही त्या व्यक्तीचाच असावा. संगणकचालकाचा क्रमांक तेथे देणे म्हणजे दुसरी किल्लीही त्याच्याच हाती देणे होय.

४. बदली, निवृत्ती, राजीनामा, अविश्वास ठराव किंवा मुदत समाप्ती यांनंतर जुनी भूमिका व जुनी डिजिटल स्वाक्षरी प्रणालीतून तत्काळ काढून टाकावी. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत शिक्के, चाव्या व नोंदवह्यांबरोबर लॉगिन व डोंगल यांचाही उल्लेख असावा. पंचायतीवर प्रशासक नेमला गेल्यास हीच दक्षता घ्यावी.

५. डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला ठराविक मुदत असते. ती संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे, अन्यथा ऐन मार्चअखेरीस देयके अडतात आणि मग घाईत आडवाटा निघतात.

६. मासिक सभेत त्या महिन्यात प्रणालीतून अदा झालेल्या देयकांची यादी वाचून दाखवावी. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ मधील ३३ नमुन्यांत ठेवावयाच्या नोंदींशी ती ताडून पाहावी.

७. चूक झाल्यास ती लपवू नये. प्रणालीत दुरुस्तीची रीतसर वाट असते. उघडपणे केलेली दुरुस्ती लेखापरीक्षणात क्षम्य ठरू शकते. झाकलेली चूक ठरत नाही.

पाहण्याचा अधिकार सर्वांचा

आतापर्यंत नोंदणे, तपासणे व मंजूर करणे या अधिकारांचा विचार झाला. 'पाहणे' हा अधिकार त्यांच्या मानाने क्षुल्लक वाटतो. लोकशाहीच्या दृष्टीने मात्र तो सर्वांत व्यापक आहे. ई-ग्रामस्वराजवरील गावाचा आराखडा, घेतलेली कामे व जमाखर्चाचे अहवाल पाहण्यासाठी नागरिकाला कोणत्याही लॉगिनची आवश्यकता नाही. बदलापूर गावातील खातेदार आपला सात-बारा ऑनलाइन पाहू शकतो. फेरफाराची नोटीस निघाली असता मुदतीत हरकत घेणे हाही त्याचाच अधिकार आहे. नागरिक ही या व्यवस्थेतील एक भूमिका आहे आणि ती कोणालाही काढून घेता येत नाही.

या भूमिकेचा वापर वाढावा यासाठी शाळा मोठे कार्य करू शकतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या गावाचा आराखडा प्रणालीवर उघडून पाहावा, त्यातील कामांची यादी करावी आणि त्यांपैकी कोणती कामे प्रत्यक्षात झाली हे गावात फिरून पाहावे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील अनेक पानांपेक्षा असा एक तास अधिक शिकवून जाईल. ग्रामसभेत आलेल्या एखाद्या महिलेने 'आमच्या वाडीच्या गटाराचे पैसे कोणाच्या सहीने गेले?' असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर दिनांक व नावासह देता आले पाहिजे. भूमिकांची विभागणी नीट पाळलेली असेल तरच ते उत्तर खरे असेल.

संगणकाने कारभाराचा वेग वाढविला आहे, यात शंका नाही. वेगाबरोबर जबाबदारीही वाढली आहे, कारण पूर्वी जे काम चार टेबलांवरून फिरून होत असे ते आता क्षणात पूर्ण होते आणि मध्ये थांबून विचार करण्याची उसंत कमी झाली आहे. यंत्र आज्ञा पाळते. ती आज्ञा योग्य व्यक्तीने दिली की नाही हे त्याला केवळ किल्लीवरून कळते. ती किल्ली ज्याची त्याच्याच हाती राहील याची काळजी प्रत्येक पंचायतीने, प्रत्येक शाळेने व प्रत्येक कार्यालयाने घेतली, तर जनतेचा पैसा व जनतेची जमीन या दोहोंच्या नोंदी विश्वासार्ह राहतील. गावाच्या विकासाला लागणारा परस्परविश्वास याच पायावर उभा राहू शकेल.